शाकारलेलं घर : १९ महिने, २१,१६८ फुल्या

ज्यांच्या कपाटात क्रॉस स्टिचचं, म्हणजे फुलीच्या टाक्याच्या भरतकामाचं, न उघडलेलं किट पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझंही किट जवळजवळ दोन महिने तसंच पडून होतं. तेव्हा मराठीत कुणी सगळं सविस्तर सांगितलं असतं, तर मी इतकी घाबरले नसते.

चित्र साधं आहे. इंग्लंडमधल्या खेड्यातलं एक बुटकं घर, गवताचं जाड छप्पर, लहान लहान काचांच्या दोन खिडक्या, निळं दार, दाराशी चढवलेला गुलाब आणि पुढे फुलांची बाग. कुठेही चिखल नाही, वाळत घातलेले कपडे नाहीत, माणूसही नाही. धाकटी बहीण इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. तिला ते एका दुकानात दिसलं आणि "ताई, तुझ्यासारखं आहे गं हे" म्हणून तिने पाठवून दिलं. माझा दिवस ऑफिसच्या हिशेबात जातो. अशा चित्रांकडे मी पूर्वीपासून बघत बसते, हे तिला माहीत आहे.

पार्सल ३ जानेवारी २०२३ ला निघालं. ९ तारखेला मोबाईलवर मेसेज आला: पार्सल कस्टममध्ये आहे, केवायसी पूर्ण करा, सोबत लिंक. पार्सलच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीच्या बातम्या रोज वाचत असल्यामुळे मी लिंकला हात लावला नाही. बहिणीकडून पावतीवरचा नंबर घेतला, कुरिअर कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः जाऊन टाकला आणि तिथे तीच मागणी दिसली. तुम्हीही हेच करा. मेसेज खरा असला तरी दरवाजा आपण शोधावा.

पुढे कागदपत्रांचं सुरू झालं. आधार कार्डावर माझा जुना पत्ता होता, पार्सल नव्या पत्त्यावर. अर्ज परत आला. लाइट बिल जोडलं, तर ते घरमालकांच्या नावावर. पुन्हा परत. शेवटी नोंदणी केलेला भाडेकरार स्कॅन करून पाठवला, तेव्हा मंजूर झालं. यात अकरा दिवस गेले. मग किमतीचा प्रश्न. बहिणीने पाकिटावर 'गिफ्ट' लिहिलं होतं, म्हणून ड्युटी लागणार नाही असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. तसं नाही. पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची सूट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. राखी आणि जीव वाचवणारी औषधं, एवढीच त्यातून वगळली आहेत. खरेदीची पावती मागवून घेतली, ड्युटी आणि कुरिअरची हाताळणी मिळून २,६१० रुपये भरले, आणि २८ जानेवारीला पार्सल हातात आलं. परदेशातून कुणी पाठवणार असेल तर खरेदीची पावती पहिल्या दिवशीच फोनवर घेऊन ठेवा, आणि आधारवरचा पत्ता जुना असेल तर पार्सल त्याच पत्त्यावर मागवणं सोपं पडतं.

किट उघडलं आणि मी ते लगेच बंद केलं. आत पांढरं आयडा कापड (मोजता येतील अशा चौकोनी घरांच्या विणीचं), बोथट टोकाची २४ नंबरची सुई, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यावर ओवलेले बत्तीस रंगांचे दोरे आणि बारीक चिन्हांनी भरलेला चार्ट. कापड चौदा काउंटचं, म्हणजे एका इंचात चौदा घरं. चित्र १६८ घरं रुंद आणि १२६ घरं उंच. मी गुणाकार केला: २१,१६८. एक फुली म्हणजे दोन टाके. त्या रात्री झोप आली नाही, हे अगदी खरं सांगते.

आई तेव्हा नुकतीच माझ्याकडे राहायला आली होती. तिने कापड चिमटीत धरून उजेडासमोर केलं आणि म्हणाली, "ही तर दोसुतीच आहे." तिच्या शाळेत शिवणाच्या तासाला दोसुतीवर फुल्या घालायला शिकवत. पोपट, कमळ, मग उशीच्या अभ्र्यावर नाव. "फुलीचा टाका तुला काय अवघड? फक्त सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच बाजूला पडला पाहिजे. नाहीतर लांबून बघितलं की कापड ओरखडल्यासारखं दिसतं." क्रॉस स्टिचच्या सगळ्या पुस्तकी सूचनांमध्ये हीच पहिली असते, हे मला नंतर कळलं.

गुढीपाडव्याला, २२ मार्चला, सुरुवात केली. पहिली फुली घालण्याआधी तीन कामं केली, आणि पुढचे १९ महिने मी त्या तीन कामांवरच तरले.

एक, कापडाच्या चारही कडा दुमडून शिवल्या. आयडाचे धागे सुटत जातात आणि वर्षभर हाताळून कड कुरतडल्यासारखी होते.

दुसरं, चार्टची मोठी झेरॉक्स चार तुकड्यांत काढली. चाळीस रुपये. मूळ चार्ट कपाटात ठेवला आणि झेरॉक्सवर भरलेली घरं पिवळ्या हायलायटरने रंगवत गेले. महिन्याभराने कापड हातात घेतलं तरी कुठे होतो ते शोधावं लागत नाही.

तिसरं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं. दर दहा घरांवर उभा-आडवा धावदोरा घातला, वेगळ्या रंगाच्या साध्या शिवणाच्या दोऱ्याने. चार्टवरही दहा-दहा घरांच्या जाड रेघा असतातच. त्यामुळे २१ हजार फुल्यांचं चित्र उरत नाही. शंभर घरांचा एक चौकोन समोर उरतो, आणि एक चौकोन माणसाला झेपतो. हे धावदोरे घालायला मला चार संध्याकाळी लागल्या. शिवाय मार्चअखेर असल्याने ऑफिसातून यायलाच नऊ वाजत. एप्रिल उजाडला तेव्हा कापडावर फक्त जाळी होती.

दोऱ्याचं थोडं सांगते. लडीतला दोरा सहा पदरी असतो आणि चौदा काउंटवर दोन पदरांनी भरायचं. दोरा एक हात घ्यावा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. जास्त लांब घेतला की कापडातून जाऊन-येऊन त्याला लव सुटते आणि चमक जाते. सुरुवातीला गाठ मारायची नाही. एकच पदर दोन हात लांब घ्यायचा, मधोमध दुमडायचा, दोन्ही टोकं सुईत ओवायची. पहिला टाका घालून सुई पाठीमागे आली की दुमडीच्या फासातून काढून ओढायची. दोरा बसतो आणि पाठ सपाट राहते.

पाठ सपाट राहावी हा आईचा आग्रह होता. रोज रात्री मी कापड ताणून धरणारी रिंग बाजूला ठेवली की ती हात पुढे करायची, "पाठ दाखव." समोरून कितीही सुबक दिसलं तरी ती आधी उलटी बाजू बघणार. एका रंगावरून पाच-सहा घरं ओलांडून लांब दोरा नेला असेल तर बोट ठेवायची. "हे नख अडकून ओढलं जाईल." लांबचा गडद दोरा पांढऱ्या कापडातून समोर झिरपल्यासारखा दिसतो, हे मला मे महिन्यात पटलं. तोवर मी दोन ठिकाणी उसवलं होतं.

मे महिन्यातच हळदीचा प्रकार झाला. आई वर्षाचं कैरीचं लोणचं घालत होती, मी कापड डायनिंग टेबलावर ठेवून दार उघडायला गेले. परत येऊन बघते तर वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे आकाश यायचं होतं, तिथे बोटाचा पिवळाधमक ठसा. आईने वाऱ्याने उडणारं कापड धरलं होतं. मी घाईने साबण लावला आणि डाग लालभडक झाला. छातीत धस्स झालं. आईने माझ्या हातातून कापड काढून घेतलं, साबण धुऊन टाकला आणि वर लिंबाचा थेंब पिळला. लाल पुन्हा पिवळा झाला. "हळदीला साबण चालत नाही. ऊन लागतं." हळदीचा रंग साबणातल्या क्षाराने लाल होतो आणि उन्हाने उडतो, हे खरंच आहे. भरलेल्या भागावर काळं कापड टाचून मी तो कोपरा ओला करून गच्चीत उन्हाला ठेवला, सलग चार दुपारी. चौथ्या दिवशी अंधुक पिवळट सावली तेवढी उरली आणि ती पुढे आकाशाच्या निळ्या टाक्यांखाली गेली. दोऱ्यांना ऊन लागू देऊ नका, तेही उडतात. आणि कापड कायम झाकून ठेवा. मी त्यानंतर जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवू लागले.

पावसाळ्यात खिडकी भरायला घेतली. छोट्या तिरक्या चौकटींची खिडकी. एका घराची चूक झाली होती, आणि ती मला चारशे फुल्यांनंतर, उजवीकडची चौकट डावीकडच्या चौकटीला भेटेना तेव्हा कळली. धावदोऱ्याची जाळी असूनही झाली, कारण त्या रात्री लाइट गेले होते आणि मी टॉर्चवर बसले होते. एका घराने कोण बघतंय, असं मनात आलं. पण त्या खिडकीवरून पुढे दार, दारावरून गुलाब, सगळंच सरकणार होतं. तीन संध्याकाळी उसवत बसले. उसवताना दोरा ओढायचा नसतो. पाठीमागून दर दोन-तीन टाक्यांवर बारीक कात्रीने कापायचा आणि चिमट्याने एकेक तुकडा काढायचा. तिसऱ्या रात्री पांढरं कापड पुन्हा दिसलं तेव्हा त्यावर टाक्यांची भोकं जरा मोठी झाली होती. नखाने उभं-आडवं हलकं घासलं की धागे जागेवर येतात. दुसऱ्या दिवशी १,४५० रुपयांचा चार्जिंगवर चालणारा पांढऱ्या उजेडाचा दिवा आणला. तो खर्च मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

उसवण्यात काळा दोरा वाया गेला आणि पुढे कमी पडणार हे दिसलं. किटमधला दोरा डीएमसी कंपनीचा होता, काळ्याचा नंबर ३१०. तुळशीबागेतल्या दुकानात फोन करून मी "३१० च्या दोन लड्या ठेवा" म्हणून सांगितलं आणि भाच्याला पाठवलं. त्याने आणल्या त्या तपकिरी. दुकानात अँकरचा दोरा होता. अँकरचा ३१० तपकिरी असतो आणि काळा ४०३. दोन्ही कंपन्यांचे नंबर वेगवेगळे, त्यामुळे नंबर सांगताना कंपनीचं नाव आधी सांगा आणि शक्यतो दोऱ्याचा तुकडा घेऊन स्वतः जा. दुकानदारांनी न कुरकुरता बदलून देऊ केलं, पण मी तपकिरी एक लडी ठेवून घेतली. डीएमसीच्या ४३४ ला जुळणारा अँकरचा नंबर ३१० च आहे, आणि ४३४ माझ्या छपरात होता. हिवाळ्यात छप्पर भरताना तो संपलाच. नवा-जुना दोरा एकदम बदलला तर रेघ दिसते. म्हणून सुईत एक पदर डीएमसीचा आणि एक अँकरचा घेऊन मधल्या दोन ओळी भरल्या, मग पूर्ण अँकर. आता मलाच ती जागा सापडत नाही.

छप्पर हा या चित्राचा सगळ्यात मोठा भाग. पाच तपकिरी रंग, ४३३ पासून ४३७ पर्यंत, गडदापासून वाळक्या गवतापर्यंत. एका ओळीत दहा फुल्याही सलग एका रंगाच्या नाहीत. नोव्हेंबर ते जानेवारी मी फक्त छपरावर होते आणि या काळात सोडून द्यावंसं सर्वांत जास्त वाटलं. रोज पाऊण तास भरूनही चित्र बदललेलं दिसायचं नाही.

आईचं मन मात्र छपरातच रमलं. तिचं माहेर महाडजवळच्या एका वाडीत. राहतं घर कौलारू, गोठा गवताने शाकारलेला. मृगाआधी शाकारणी झाली नाही तर जूनमध्ये गुरं भिजत. ती एका रात्री म्हणाली, "एवढं छप्पर दरवर्षी कोण शाकारतं यांच्याकडे?" मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून वाचलं. तिकडे गव्हाचा पेंढा किंवा पाणथळ जागेतला बोरू वापरतात, थर फूटभर जाड असतो, उतार पन्नास अंशांच्या आसपास. पाणी मुरायच्या आत ओघळून जातं. पन्हळ नसते, वळचणच बाहेर काढलेली असते. असं छप्पर काही दशकं टिकतं, फक्त आढ्यावरचा भाग दहा-पंधरा वर्षांनी नवा करावा लागतो. आईला हे इतकं आवडलं की तिने मामाला फोन करून सांगितलं.

वाचता वाचता हेलन अ‍ॅलिंगहॅम ही इंग्रज चित्रकार भेटली. जन्म १८४८, मृत्यू १९२६. १८८१ मध्ये ती नवरा आणि मुलांसह लंडनहून सरे परगण्यातल्या विटलीजवळ राहायला गेली आणि आसपासची जुनी घरं जलरंगात रंगवत राहिली. १८९० मध्ये रॉयल वॉटरकलर सोसायटीची पूर्ण सभासद झालेली ती पहिली स्त्री. आज किटवर, बिस्किटांच्या डब्यावर, कॅलेंडरवर जे 'इंग्लिश कॉटेज' दिसतं, त्याची मुळं तिच्यासारख्यांच्या चित्रांत आहेत. तिने रंगवली तेव्हा त्यातली कितीतरी घरं मोडकळीला आली होती, काही पाडली जात होती, काहींची रूपं बदलली जात होती. आत राहणारा शेतमजूर गरीबच होता. आधीची जाळीदार खिडकी काढून कुणी नवी बसवली असेल, तर ती चित्रात जुनीच खिडकी परत बसवत असे. हे वाचल्यावर माझी खिडकी, जिच्यासाठी मी तीन रात्री उसवलं, मला वेगळीच दिसू लागली. चित्रातलं घर खोटं आहे असं मला वाटत नाही. नाहीसं होणारं काहीतरी नीटनेटकं करून ठेवावं, ही ओढ मला आईतही दिसते. ती गोठ्याबद्दल बोलते तेव्हा शेणाचा वास आणि गळणारा कोपरा सांगते, आणि तरीही तिच्या आवाजात तो गोठा सुंदर असतो.

६ फेब्रुवारी २०२४ ला आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी विम्याची कॅशलेस मंजुरी दोनदा अडली, मग दिवसातून चार वेळा थेंब, वाकायचं नाही, ओट्याजवळ जायचं नाही. सहा आठवडे सुई हातात धरली नाही. असे खंड पडतात. थांबताना रिंग काढून ठेवा, नाहीतर कापडावर गोल वळी पडते आणि तिच्यात मळ बसतो. सुईही कापडात खोचून ठेवू नका, गंजाचा ठिपका पडतो आणि तो जात नाही.

बाग मात्र भराभर झाली, एप्रिल ते ऑगस्ट. रोज रंग बदलतो, रोज काहीतरी उगवलेलं दिसतं. आई फुलांची नावं विचारायची. उंच दांड्याची ती हॉलीहॉक, आपल्याकडचा गुलखैरा, जास्वंदीच्या कुळातली. जांभळ्या घंटांची फॉक्सग्लोव्ह, सगळं झाड विषारी, आणि त्याच्याच जातीच्या झाडांतून हृदयाचं औषध निघालं. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आई म्हणाली, "म्हणजे कण्हेरीसारखं." कण्हेरही तशीच, हृदयावर परिणाम करणारी विषारी. मला हे सुचलं नव्हतं.

गणपतीपर्यंत संपवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. आकाश एका पदराने अर्ध्या टाक्यात, म्हणजे फुलीची एकच तिरकी रेघ घालून भरलं, मग काळ्या आणि गडद तपकिरी दोऱ्याची बॅकस्टिच, म्हणजे आकारांच्या कडेने घालायचा सलग रेघेचा टाका. बॅकस्टिच शेवटची असते आणि तीच चित्र उभं करते. वर्षभर गवताचा डोंगर वाटणाऱ्या त्या तपकिरी पसाऱ्याला वळचणीची एक रेघ मिळाली आणि घराला कपाळ आलं. १७ ऑक्टोबर २०२४, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, रात्री पावणेअकराला शेवटचा टाका घातला. हिशेब वहीत होता: साधारण २३० तास. पहिल्या दिवशी तासाला साठच्या आसपास फुल्या होत होत्या, शेवटी एकशेदहा.

आईने आधी पाठ बघितली. मान हलवली. मग समोरची बाजू बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "धुराडं आहे, पण धूर नाही. घरात कुणी नाही का?"

चार्टमध्ये धूर नव्हता. मी करड्या दोऱ्याचा एक पदर ओवून सुई तिच्या हातात दिली. तिने नवा चष्मा लावला, दिवा स्वतःकडे वळवून घेतला आणि धुराड्यापासून वर, उजवीकडे झुकलेले अर्धे टाके घातले. मी मोजले, तेवीस. दोन संध्याकाळी लागल्या. मधेच ती थांबायची, डोळा मिटून घ्यायची, मग पुढचं घर शोधायची. हळदीच्या त्या कोपऱ्याच्या अलीकडेच तिचा धूर संपतो.

२१ तारखेला कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब टाकून धुतलं, न पिळता पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळलं, अर्धवट ओलं असताना जाड टॉवेलवर पालथं ठेवून पाठीमागून इस्त्री केली. टाके दबत नाहीत.

फ्रेमचं नीट ऐका. पहिल्या दुकानात कापड हार्डबोर्डला फेव्हिकॉलने चिकटवणार होते. मी कापड परत घेतलं. गोंद पुढे पिवळा पडतो आणि मग काहीच करता येत नाही. २४० रुपयांचा आम्लरहित फोमबोर्ड आणला, कापड त्यावर ताणून पाठीमागे जाड दोऱ्याने आडवं-उभं आवळून बांधलं, बुटाच्या नाडीसारखं. मधोमध सुरू करून कडांकडे जायचं, धावदोऱ्याच्या खुणा बोर्डच्या कडेला समांतर ठेवायच्या. ते खुणांचे दोरे नंतर ओढून काढले. दुसऱ्या दुकानात काच आणि कापड यांच्यामध्ये बारीक पट्टी टाकून फ्रेम करून मिळाली. ही पट्टी आवर्जून मागा. आपल्याकडच्या पावसाळ्यात काच कापडाला टेकली की दमट होऊन बुरशी धरते. २,८५० रुपये. दिवा, रिंग, सुया, जास्तीचे दोरे धरून माझ्या खिशातून एकूण ७,६३० गेले. किटची किंमत बहिणीची.

दिवाळी मधे आल्यामुळे फ्रेम ९ नोव्हेंबरला मिळाली. घेताना कारागिराने काच पुसली, वर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, इथे जरा मळकट राहिलंय. बंद करण्याआधी बघायला हवं होतं, उघडू का?"

मी म्हटलं, "राहू द्या. चूल पेटलीय."

पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येतं, म्हणून स्वयंपाकघरासमोरच्या बोळात लावली आहे. आई मटार सोलायला तिथेच खुर्ची घेऊन बसते.